इंजिनचं कॉम्प्रेशन कमी झालंय का? तपासणी, इंजिनकाम आणि खर्च : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं १०० ते २०० सीसीच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकली आणि स्कूटर, तसंच लहान पेट्रोल आणि सीएनजी कार डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. डिझेलचं गणित वेगळं आहे. तिथे दाब दुपटीहून जास्त असतो आणि पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन गेज (दाब मोजायचं घड्याळ) लावलं तर ते फुटू शकतं.

१. कॉम्प्रेशन कमी झालं म्हणजे नेमकं काय झालं?

पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो. हा दाब कोंडून ठेवायची जबाबदारी तिघांवर असते : पिस्टनच्या रिंगा, दोन्ही व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणारा इनलेट आणि धूर सोडणारा एक्झॉस्ट) बैठका आणि हेड गॅस्केट (सिलिंडर आणि वरचं हेड यांच्यामधली पट्टी). यांपैकी एक जरी गळायला लागलं की दाब कमी पडतो, जाळ अर्धवट होतो आणि ताकद जाते. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी तपासणी “गळतंय कुठून?” या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधते. आणि गळती कुठली हे कळल्याशिवाय इंजिन उघडू नये.

२. कशावरून ओळखायचं? माझी गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही आणि घाटात डबलसीट ओढत नाही.

कॉम्प्रेशन गेलेल्या गाडीची ही दोन्ही लक्षणं आहेतच. पण कचरा साठलेला एअर फिल्टर, घसरणारी क्लच, अडकलेले ब्रेक आणि खराब प्लग यांचीही हीच आहेत. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही. कॉम्प्रेशन गेलं असेल तर आवाजही चढत नाही. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. ते अडखळत असेल तर आधी ब्रेक बघा. फिल्टर, प्लग, क्लचची फ्री-प्ले (लिव्हरचा मोकळा खेळ) आणि टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग, त्याचा गॅप नीट हवा) या चार गोष्टी तासाभरात होतात. त्या झाल्यावरच कॉम्प्रेशन गेज हातात घ्या.

जास्त बोलकी लक्षणं अशी : किक हलकी लागणं, गरम इंजिन बंद केल्यावर पुन्हा सुरू व्हायला त्रास देणं, ऑइलची पातळी घटत जाणं, आणि ब्रीदर पाइपमधून एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल येणं.

३. मेकॅनिकने नुसती किक मारली आणि “बोअर गेला, हाफ इंजिन करावं लागेल” म्हणाला. खरं मानायचं का?

बोअर म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी. हाफ इंजिन म्हणजे काय, ते प्रश्न १४ मध्ये आहे. मुरलेल्या माणसाच्या पायाला फरक कळतो, यात शंका नाही. पण किकवरून फार तर “दाब कमी आहे” एवढंच समजतं. तो रिंगांमुळे कमी आहे की टाइट झालेल्या टॅपेटमुळे, हे पायाला कळत नाही. पहिल्याचा खर्च हजारांत जातो, दुसऱ्याचं काम फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पान्याने अर्ध्या तासात होतं. गेजवरचा आकडा दाखवा म्हणून सांगा. गेज नाही म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये इंजिन उघडायला देऊ नका.

४. गेज लावून टेस्ट कशी करायची?

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा. थंड इंजिनवर आकडा कमी येतो. टॅपेट मात्र आधीच थंड इंजिनवर तपासलेले असू द्या. मग :

- प्लगभोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये जाईल. त्यानंतर प्लग काढा. कारमध्ये सगळे प्लग काढायचे.
- ठिणगी आणि पेट्रोलचा पुरवठा बंद करा (चावी नव्हे, सेल्फ चालला पाहिजे). इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, कार्बोरेटरच्या गाडीत कॉक बंद करा. उघड्या भोकाशेजारी ठिणगी पडू देऊ नका, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.
- गेजचा अडॅप्टर हाताने बसवा. बऱ्याच लहान मोटारसायकलींना १० मिमीचा प्लग असतो, कारना बहुधा १४ किंवा १२ चा. अडॅप्टरचे आटे प्लगपेक्षा लांब नकोत, पिस्टनला लागतील.
- ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा. अर्धी टेस्ट इथेच चुकते. थ्रॉटल बंद असेल तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिनही ७०-८० पीएसआय (दाबाचं माप) दाखवतं.
- काटा वाढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा, साधारण सहा-सात फेरे. किकची गाडी असेल तर आठ-दहा दणकट किका. बॅटरी पूर्ण चार्ज हवी.

पहिल्या फेऱ्याला काटा कुठे गेला आणि शेवटी कुठे थांबला, हे दोन्ही आकडे लिहून ठेवा. पहिल्याला कमी पण पायरीपायरीने चढत गेला तर संशय रिंगांवर. पहिल्यालाही कमी आणि नंतरही फारसा हललाच नाही, तर संशय व्हॉल्व्हवर.

दुचाकीवाल्यांसाठी एक खास सूचना. दाब अडवून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह गेजच्या नळीच्या प्लगकडच्या टोकाला असला पाहिजे. तो वर घड्याळापाशी असेल तर नळीतली जागाही ज्वलनकक्षात धरली जाते. कारच्या मोठ्या सिलिंडरला त्याने फार फरक पडत नाही, पण १०० सीसीच्या गाडीचा आकडा बराच खाली येतो. स्वस्त गेजमुळे बरीच धडधाकट इंजिनं उघडली जातात.

५. किती पीएसआय आलं म्हणजे चांगलं?

खरा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा. तो हाताशी नसेल तर अंदाज असा : लहान मोटारसायकलला १३० ते १८०, पेट्रोल कारला १५० ते २००. शंभरच्या खाली आलं तर बहुधा काहीतरी गळतंय (अपवाद प्रश्न १७ मध्ये). मॅन्युअलमध्ये किलो प्रति चौरस सेंटिमीटर दिलं असेल तर १४.२ ने गुणा, बार असेल तर १४.५ ने.

कारमध्ये एकेका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त सांगतो. सगळ्यात जास्त आकड्यापेक्षा १०-१५ टक्क्यांहून कमी असलेला सिलिंडर आजारी समजा. १७५, १७० आणि ११८ आले तर तिसऱ्यात बिघाड आहे. तिन्ही १४५ आले तर इंजिन सारखं झिजलंय, अजून पळेल. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच खाली आले तर बहुधा मधलं हेड गॅस्केट उडालेलं असतं. सगळेच्या सगळे एकसारखे फार खाली आले तर टायमिंग चेन किंवा बेल्टचा दात सरकलाय का, हे आधी बघा.

६. “आत ऑइल टाकून पुन्हा बघा” असं सांगतात. किती टाकायचं आणि त्यावरून काय कळतं?

प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडायचं, दोन-तीन फेरे फिरवायचं आणि पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं. आकडा बराच वाढला तर गळती रिंगा-बोअरमधून. जवळजवळ तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

गोंधळ होतो तो मापात. कारसाठी सांगितलेला “एक चमचा”, म्हणजे ५ मिली, लोक मोटारसायकलमध्ये ओततात. ९७.२ सीसीचं इंजिन घ्या आणि कॉम्प्रेशन रेशो ९:१ धरा. पिस्टन वर असताना उरणारी जागा फक्त १२ सीसीच्या आसपास असते. त्यात ५ मिली ऑइल गेलं की उरल्या सात. कागदावर रेशो साडेचौदाच्या पुढे जातो आणि व्हॉल्व्ह गळत असले तरी काटा उडी मारतो. निदान निघतं “रिंगा गेल्या”, आणि चांगला बोअर लेथवर जातो. लहान दुचाकीला सिरिंजने १ मिली, फार तर दीड, एवढं पुरे. त्यानेही आकडा थोडा वाढणारच. वीस-तीस टक्क्यांची उडी असेल तरच रिंगांना दोष द्या.

७. लीक-डाउन टेस्ट वेगळी असते का? ती कधी करायची?

हो, आणि इंजिनकामाचा खर्च ठरवायच्या आधी ही करून घेतलीच पाहिजे. यात इंजिन फिरवत नाहीत. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) ठेवून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडतात आणि किती टक्के गळते ते दोन घड्याळांवर बघतात. १० टक्क्यांपर्यंत उत्तम, वीसपर्यंत चालेल, तिसाच्या पुढे काम निघालं.

खरी गंमत कान लावण्यात आहे. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरकडून आली तर इनलेट. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडकलेलं हेड. टक्केवारी मोजायचं साधन नसेल तरी नुसती हवा सोडून जागा कळते, कारण कान फुकट आहेत. पिस्टन अगदी टीडीसीवर नसेल तर हवा क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) झटक्याने फिरवते. त्यामुळे क्रँकच्या बोल्टवर पाना लावून ठेवू नका, हात मोडतो.

८. टॅपेटमुळे कॉम्प्रेशन कसं जाईल? आणि सीएनजीवाल्यांना हा त्रास जास्त का?

टॅपेटचा गॅप शून्यावर आला की व्हॉल्व्ह बैठकीवर पूर्ण टेकत नाही. इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि फट आणखी उघडते. म्हणूनच गाडी थंड असताना बरी चालते आणि गरम झाल्यावर बंद पडते. खडखड करणारा ढिला टॅपेट सगळ्यांना ऐकू येतो. टाइट टॅपेट मात्र आवाजच करत नाही. गाडी “किती शांत चालते” म्हणून कौतुक होतं आणि तेवढ्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळून जातो, कारण व्हॉल्व्हची उष्णता बैठकीला टेकूनच बाहेर पडते.

सीएनजी कोरडा जळतो, पेट्रोलसारखा बैठकीला गारवा देत नाही. बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होतो. शिम (पातळ चकती) किंवा स्क्रूचे टॅपेट असलेल्या सीएनजी कारमध्ये गॅप मॅन्युअलच्या मुदतीत मोजलाच पाहिजे. हायड्रॉलिक टॅपेट काही काळ स्वतःच जुळवून घेतात.

गॅप बरोबर केल्यावर १५-२० मिनिटं गाडी चालवून पुन्हा गेज लावा. आकडा परत आला तर काम तिथेच संपलं. नाही आला तर व्हॉल्व्ह जळलाय आणि हेड उतरवावं लागेल.

९. निळा धूर येतो, पण गेजवर आकडा चांगला आहे. हे कसं?

दोन शक्यता आहेत. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दिल्यावर धुराचा झोत येत असेल, तर व्हॉल्व्हची ऑइल सील कडक झाली आहे. तिचा कॉम्प्रेशनशी संबंध नाही आणि काही इंजिनांत ती हेड न उतरवताही बदलता येते. ओढताना सतत धूर येत असेल तर ऑइल रिंग गेली आहे. ती सगळ्यांत खालची. दाब धरणाऱ्या वरच्या दोन शाबूत असल्या की गेज खूश राहतं. ही गाडी लगेच मरत नाही, पण दर आठवड्याला डिपस्टिक बघितली नाही तर ऑइल संपून जाम होते.

१०. गाडी आठ महिने उभी होती, आता कॉम्प्रेशनच लागत नाही. बोअर गंजला का?

लगेच तसं समजू नका. रिंगा खाचेत चिकटतात, व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंजाचा पापुद्रा येतो. शिवाय सारखं सेल्फ मारून सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल पेट्रोलने धुतलं जातं, तेव्हाही दाब लागत नाही. प्लग काढून थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर ठेवा. सकाळी प्लग न लावताच, भोकावर फडकं धरून किक मारा म्हणजे आतलं द्रव बाहेर पडेल. मग प्लग लावून सुरू करा. सुरू झाल्यावर इंजिन ऑइल लगेच बदला, पातळ झालेलं असतं. पाच-सात किलोमीटर फिरवून मगच प्रश्न ४ प्रमाणे मोजा.

११. जाड ऑइल किंवा “कॉम्प्रेशन वाढवणारं” औषध टाकलं तर काम टळेल का?

१०डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० टाकलं तर धूर थोडा कमी होतो. गाडी विकणारे नेमकं हेच करतात, म्हणून सेकंडहँड गाडी घेताना ऑइल बोटावर घेऊन बघा. झिजलेलं लोखंड कुठल्याही बाटलीने परत येत नाही आणि गळक्या व्हॉल्व्हला तर ऑइलचा काहीच उपयोग नाही. ओल्या क्लचच्या मोटारसायकलमध्ये कारसाठीची घर्षण कमी करणारी औषधं क्लच घसरवतात, तो खर्च आणखी वेगळा.

१२. इंजिन उघडलं तर माझ्यासमोर काय काय मोजून घ्यावं?

बोअर : वर, मध्ये आणि खाली, दोन आडव्या-उभ्या दिशांनी, असे सहा आकडे. ते बोअर गेजने घेतलेले असावेत, नखाने नव्हे. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा जास्त झीज किंवा ओव्हल असेल तरच बोअरिंग. बऱ्याच लहान इंजिनांत ही मर्यादा मूळ मापापेक्षा ०.१ मिमीच्या आसपास असते.

रिंगेचा गॅप : जुनी रिंग बोअरमध्ये टाकून पिस्टनने सरळ ढकला आणि तोंडातली फट फिलर गेजने बघा. ५० मिमीच्या बोअरला नवी असताना ०.१ ते ०.३ मिमी असते. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेली तर संपली.

व्हॉल्व्ह : हेड उलटं करून ज्वलनकक्षात पेट्रोल ओता, पोर्टमध्ये ओल उतरते का पाहा. काहीही न मोजता होणारी ही तपासणी सगळ्यांत प्रामाणिक. कनेक्टिंग रॉडला वर-खाली अजिबात खेळ नको. बाजूचा थोडा खेळ चालतो, पण बरेच जण तोच दाखवून क्रँक बदलायला लावतात.

१३. नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही का? स्वस्तात होईल.

बोअर मापात असेल तर भागतं. पण दोन अटी आहेत. चकचकीत काचेसारख्या झालेल्या बोअरवर नव्या रिंगा बसत नाहीत. होनिंगने तिरप्या रेघांची जाळी पाडावीच लागते, रेघांमध्ये ऑइल धरलं जातं. दुसरं, बोअरच्या वरच्या टोकाला जुन्या रिंगेने सोडलेला काठ बोटाला लागत असेल तर तो काढला पाहिजे. नाहीतर नवी वरची रिंग त्यावर आदळून तुटते. आणि ज्या सिलिंडरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा आहे, त्याला बोअरिंग आणि नेहमीचं होनिंग दोन्ही चालत नाही. तो पूर्ण किटच बदलावा लागतो. तुमचा कुठला, हे लेथवाल्याकडे नेण्याआधी विचारा.

ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी अशा पायऱ्यांत मिळतात, सगळ्या मॉडेलना सगळे नाही. आधी पिस्टन हातात घ्या, मग त्याच्या मापाने बोअर करायला सांगा. उलट केलं तर गाडी महिनाभर उघडी पडते.

१४. हाफ इंजिन आणि फुल इंजिन यांत फरक काय? खर्च किती?

हाफ म्हणजे हेड आणि सिलिंडर : पिस्टन, रिंगा, बोअर, व्हॉल्व्ह, सील, गॅस्केट. फुल म्हणजे क्रँककेस फाडून क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, लागलं तर गिअरसुद्धा.

१००-१२५ सीसीच्या नेहमीच्या गाडीचे ढोबळ आकडे, भाव करताना दिशा म्हणून : कंपनीचा बोअर-पिस्टन किट अडीच ते साडेचार हजार, व्हॉल्व्ह आणि सील मिळून पाचशे ते हजार, गॅस्केट सेट आणि ऑइल सात-आठशे, मजुरी दीड ते अडीच हजार. म्हणजे हाफ इंजिन पाच ते नऊ हजारांत आणि फुल दहा ते पंधरा हजारांत बसतं. फक्त व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह बैठकीवर घासून नीट बसवणं) आणि सीलचं काम असेल तर याच्या निम्म्याहूनही कमी. लहान कारचं पूर्ण काम चाळीस ते ऐंशी हजारांपर्यंत जातं. त्यात मशीन शॉपचं बिल वेगळं मागा.

कोटेशन कागदावर घ्या आणि त्यावर तीन गोष्टी लिहून घ्या : माल कंपनीचा की लोकल, जुने सुटे भाग परत देणार का, आणि उघडल्यावर जास्त काम निघालं तर फोन करून विचारणार का. जुने भाग परत मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा पिस्टन सहसा खरोखरच बदलला जातो.

१५. मग काम करावं की गाडी काढून टाकावी?

तीन आकडे शेजारी मांडा : आज आहे त्या अवस्थेत किती येतील, काम करून किती येतील, आणि कामाचा खर्च. समजा गाडीचे आज १२ हजार येतात, काम करून २२ आणि खर्च ७. करा. तीच गाडी फुल इंजिन मागत असेल आणि खर्च १४ हजार असेल, तर विकण्यासाठी करू नका. पुढची तीन-चार वर्षं तुम्हीच वापरणार असाल तर मात्र परवडतं, कारण त्या पैशात नवीन गाडीचं डाउन पेमेंटही नीट होत नाही.

आरसी बघितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. नोंदणीला १५ वर्षं पूर्ण होत आली असतील तर पुनर्नोंदणी, फिटनेस आणि त्याचं शुल्क खर्चात धरा. चासी गंजलेली असेल तर इंजिनावर पैसे घालू नका.

१६. भंगारातून चांगलं इंजिन आणून बसवलं तर?

स्वस्त पडतं, पण इंजिन नंबर बदलतो. आरसीवरचा नंबर आरटीओत बदलून घ्यावा लागतो आणि त्यासाठी इंजिन कुठून आलं याचं बिल लागतं. बिल नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर गाडी जप्त होते, विम्याचा दावाही अडकतो. मोटारसायकलचा नंबर क्रँककेसवर असतो, त्यामुळे सिलिंडर बदलला किंवा बोअर केला तरी नंबर तोच राहतो. घ्यायच्या इंजिनावर आधी प्रश्न ४ ची टेस्ट करून बघा.

१७. आकडा कमी आहे पण गाडी मस्त पळते. गेज खोटं बोलतंय का?

कदाचित गाडीत ऑटो डिकॉम्प्रेशन असेल. सेल्फला सोपं जावं म्हणून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवरची एक छोटी कळ कमी फेऱ्यांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते. रॉयल एनफिल्डच्या यूसीई इंजिनांत आणि बऱ्याच नव्या सिंगल सिलिंडर गाड्यांत हे असतं. तिथे गेजचा आकडा मॅन्युअलशीच ताडायचा, शेजाऱ्याच्या गाडीशी नाही. शंका उरली तर थेट प्रश्न ७.

दुसरं कारण उंची. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी. मुंबईत १६० दाखवणारी गाडी तिथे १३५ दाखवते. आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला तर तेही चांगलं लक्षण नाही. पिस्टनवर कार्बन चढलाय किंवा ऑइल आत येतंय.

१८. हाफ इंजिन करून आणलं, तरी कॉम्प्रेशन कमीच. फसवलं का?

पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत निकाल देऊ नका. रिंगा बोअरशी घासून बसायला वेळ लागतो. या काळात एकाच वेगाने लांब हाकू नका. वेग कमी-जास्त ठेवा, चढावर थोडा जोर द्या, पण शेवटपर्यंत पिळू नका. महागडं सिंथेटिक ऑइल नको, साधं मिनरल ठेवा आणि पाचशेला बदला. फारच जपून, रडतखडत चालवलेल्या गाडीच्या रिंगाही बसत नाहीत, बोअर चकचकीत होऊन जातो.

हजार किलोमीटरनंतरही आकडा वर आला नाही तर याच क्रमाने बघायला लावा : टॅपेटचा गॅप, कॅम चेनची खूण, हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने कसले होते का, व्हॉल्व्ह लॅप केले होते की फक्त पुसून बसवले. मग लीक-डाउन. हवा ऑइलच्या तोंडातून येत असेल तर वरच्या दोन रिंगा उलट्या बसवल्यात का ते उघडून बघावं लागेल. रिंगेवर तोंडाजवळ कोरलेलं अक्षर वरच्या बाजूला हवं असतं आणि तिन्हींची तोंडं एका रेषेत नकोत. ही चूक मजुरीत दुरुस्त करून मिळाली पाहिजे. गॅस्केट आणि ऑइलचे पैसे मागितले तर बिल आणि कोटेशन पुढे ठेवा.